काळ्या कोटाशिवाय : झाशीतील विधी सेवा आणि विधी स्वयंसेवकांचा इतिहास

संस्थेचा इतिहास लिहायला बसले की संस्थापकाचे नाव, पहिली सभा, पहिला देणगीदार आणि कोनशिलेची तारीख एवढे तरी हाताशी असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या बाबतीत यातले काहीच मिळत नाही. ही संस्था कोणा एका माणसाने काढलेली नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 9 मधून ती जन्मली. जिल्हा न्यायाधीश तिचे पदसिद्ध अध्यक्ष, न्यायिक सेवेतला एक अधिकारी तिचा सचिव, आणि पत्ता कचेरीचा. अध्यक्ष बदलीवर येतात, बदलीवर जातात, सचिवांचेही तेच. अशा संस्थेचा इतिहास पदाधिकाऱ्यांच्या फळ्यावरून कळत नाही. तिने कोणाला शिकवून तयार केले आणि ती माणसे पुढे कोणाच्या उपयोगी पडली, यावरून तो कळतो.

कायदा संमत झाला 1987 साली आणि अमलात आला 9 नोव्हेंबर 1995 रोजी. गरिबाला वेळेत न्याय मिळावा म्हणून केलेला हा कायदा आठ वर्षे स्वतःच तारखेची वाट पाहत बसला होता. मधल्या काळात, 1994 मध्ये, त्यात दुरुस्त्याही झाल्या. 9 नोव्हेंबर 2025 रोजी त्याच्या अंमलाला तीस वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने आपल्या झाशीकर मराठी मंडळींसमोर या संस्थेच्या एकाच अंगाचा इतिहास मांडायचा आहे. ते अंग म्हणजे वकील नसलेल्या, पण कायद्याच्या कामासाठी शिकवून तयार केलेल्या माणसांचे : पॅरालीगल, विधी स्वयंसेवक, हिंदीत पराविधिक स्वयंसेवक, आणि अलीकडच्या सरकारी कागदांत अधिकारमित्र.

तसे पाहता ही जमात कचेरीला नवी नाही. अर्जनवीस, मुन्शी, स्टँप विकणारा, टाइपरायटर घेऊन झाडाखाली बसणारा, या सगळ्यांनी वकिलीची सनद नसताना पिढ्यान्पिढ्या कायद्याचेच काम केले. खेड्यातून आलेला माणूस वकिलापर्यंत पोहोचण्याआधी यांच्यापाशी थांबे. अर्ज कोणाच्या नावे करायचा, किती रुपयांचा स्टँप लावायचा, कोणत्या खिडकीवर द्यायचा, हे ज्ञान यांच्याकडे असे, आणि त्याची किंमतही तेच ठरवीत. चांगला मुन्शी म्हणजे अर्धा वकील, आणि वाईट मुन्शी म्हणजे पूर्ण दलाल. विधी स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाला आज जे काम करायचे आहे ते थोडक्यात असे : मुन्शीचे ज्ञान घ्यायचे आणि दलालाची सवय वगळायची.

अर्ज नीट लिहिणारा आणि योग्य दार दाखवणारा माणूस मिळणे किती मोलाचे असते, हे झाशीला निराळे सांगायला नको. 21 नोव्हेंबर 1853 रोजी गंगाधरराव वारले. आदल्याच दिवशी दत्तकविधान झाले होते. डलहौसीने ते मानले नाही आणि 1854 मध्ये झाशी खालसा झाली. लक्ष्मीबाईंनी तलवार उचलली ती नंतर. आधी त्यांनी खलिते पाठवले, कराराचे दाखले दिले, आणि वकील केला. हा वकील म्हणजे सिडनीत जन्मलेला बॅरिस्टर जॉन लँग. कंपनी सरकारविरुद्ध ठेकेदार ज्योतीप्रसादांची बाजू लढवून ती जिंकल्यामुळे त्याचे नाव झाले होते. पेन्शन घेऊन अपील चालू ठेवावे, असा त्याचा सल्ला होता. राणीचे जे वाक्य आज शाळेतल्या पोरालाही पाठ आहे, ते आपल्यापर्यंत या वकिलाच्या प्रवासवर्णनातून आले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. राज्याची मालकीण असूनही कलमांच्या जंगलात तिला वाट दाखवणारा माणूस शोधावा लागला. बांगरा किंवा बामौर ब्लॉकातल्या विधवेची काय कथा?

झाशीच्या कचेरीने पुढे मोठे वकील दिले, आणि त्यांत आपली माणसेही होती. रघुनाथ विनायक धुळेकर इथले वकील. ते संविधान सभेचे सदस्य होते, झाशीचे पहिल्या लोकसभेतले खासदार झाले आणि पुढे उत्तर प्रदेश विधान परिषदेचे सभापती. संविधान सभेतला त्यांचा हिंदुस्तानीचा आग्रह इतका टोकाचा होता की घरात मराठी बोलणाऱ्या आपल्या लोकांना तो आजही थोडा अवघड वाटतो. गुरसरायच्या खेर घराण्यातले आत्माराम गोविंद खेर विधानसभेचे अध्यक्ष होते. ‘झाँसी की रानी’ लिहिणारे वृंदावनलाल वर्मा मऊरानीपूरचे, आणि वकिली करत झाशीत. अशी ही परंपरा. पण ती पक्षकार वकिलाच्या बैठकीपर्यंत पोहोचल्यानंतरची. जो तिथवर पोहोचतच नाही, त्याचा विचार देशात दुसरीकडून सुरू झाला.

ती सुरुवात मुंबईची. 1924 मध्ये तिथे बॉम्बे लीगल एड सोसायटी निघाली. स्वातंत्र्यानंतर लगेचच, 1949 मध्ये, मुंबई सरकारने न्यायमूर्ती नटवरलाल हरिलाल भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विधी साहाय्याची रचना तालुक्यापर्यंत न्यावी, असे त्या समितीने सुचवले. पुढे तीस वर्षांनी त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती पी. एन. भगवती हाच विषय देशभर घेऊन फिरले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीचा अहवाल 1973 चा, दोघांचा मिळून अहवाल 1977 चा. मधे 42 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 39अ आला. त्याने मोफत विधी साहाय्य ही राज्याची जबाबदारी ठरवली. 1980 मध्ये पी. एन. भगवतींच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समिती झाली. आजच्या राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, म्हणजे नालसाची, ती पूर्वज.

हा सरकारी क्रम झाला. विधी स्वयंसेवकाची गरज कशातून उभी राहिली, ते सांगायला महाराष्ट्रातलेच दोन खटले पुरतात.

पहिला 1978 चा, माधव हयवदनराव होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. प्रकरण बनावट पदवी प्रमाणपत्रांचे, आरोपी शिकलासवरलेला, विद्यापीठातला प्रपाठक. उच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागायला तो आला तेव्हा वर्षे उलटून गेली होती. कारण काय, तर निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही, असे त्याचे म्हणणे. प्रत न्यायालयातून निघाली होती, तुरुंगापर्यंत आली होती, पण कैद्याच्या हातात पडल्याची नोंद नव्हती. त्याची याचिका फेटाळली गेली. मात्र कृष्ण अय्यरांनी निकालपत्रात दोन गोष्टी पक्क्या केल्या : निकालाची प्रत कैद्याला वेळेत व मोफत मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठी ऐपत नसेल तर राज्याने वकील दिला पाहिजे. प्राध्यापकाची ही गत, तर अंगठेबहाद्दराची कोणती असेल? तुरुंगाच्या दारापासून कोठडीपर्यंतची ही शेवटची शंभर पावले कोण चालणार, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

दुसरा खटला शीला बरसे यांचा, 1983 चा. पत्रकार असलेल्या शीलाताईंनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांना भेटून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे त्यांतल्या पाच जणींनी सांगितले होते. न्यायालयाने चौकशीसाठी पोलीस अधिकारी पाठवला नाही, वकीलही पाठवला नाही. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन अहवाल द्यायला सांगितले. पुढे आदेश झाला की अटक केलेल्या माणसाचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावेत, आणि अटक होताच जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे. कायद्याची पदवी नसलेली, पण प्रशिक्षित, विश्वासाची व्यक्ती न्यायव्यवस्थेच्या अगदी आतल्या खोलीत जाऊ शकते, हे तिथे सिद्ध झाले. माझ्या मते भारतातल्या विधी स्वयंसेवकाची खरी जन्मपत्रिका या निकालात आहे. नालसाची 2009 ची विधी स्वयंसेवक योजना हे त्याचे बारसे.

बाहेरच्या जगात पॅरालीगल म्हटले की वेगळे चित्र उभे राहते. अमेरिकेत 1968 च्या सुमारास बार असोसिएशनने वकिलांच्या मदतनिसांचा विचार सुरू केला आणि 1970 च्या दशकात त्यांच्या अभ्यासक्रमांना मान्यता देण्याची पद्धत बसवली. तिथला पॅरालीगल वकिलाच्या कचेरीत पगारावर असतो, दस्त तयार करतो, निवाडे शोधतो. दुसरा प्रवाह दक्षिण आफ्रिका, फिलिपिन्स, सिएरा लिओनचा : वस्तीत राहणारा, वस्तीच्या बाजूचा पॅरालीगल. सिएरा लिओनने तर 2012 च्या विधी साहाय्य कायद्यात त्याला स्थानही दिले. आपल्याकडे इग्नूची पॅरालीगलची पदविका आली, मोठ्या शहरांत कंपन्यांच्या विधी विभागात अशी नोकरीही मिळते. नालसाने 2009 मध्ये योजना आखली ती दुसऱ्या प्रवाहातली. झाशीसारख्या जिल्ह्याला तीच योग्य होती.

योजनेतली निवडीची यादी वाचण्यासारखी आहे. शिक्षक, निवृत्त शिक्षक, निवृत्त सरकारी नोकर, अंगणवाडी सेविका, डॉक्टर, समाजकार्याचे आणि कायद्याचे विद्यार्थी, बचत गटांतल्या बायका, आणि चांगल्या वर्तणुकीचे, दीर्घ शिक्षा भोगणारे शिकलेले कैदी. शिक्षणाची अट शक्यतो दहावी. पण समज हवी आणि दुसऱ्याच्या दुःखाची चाड हवी, असे योजनेत स्पष्ट म्हटले आहे. सरकारी मसुद्यात सहसा न सापडणारी ही भाषा. राजकीय पक्षाचा सक्रिय सदस्य चालत नाही, आणि पदाचा गैरवापर केला तर नाव कमी होते.

आता अभ्यासक्रम. आधी ओळखीचे सत्र, मग पायाभूत वर्ग, पुढे उजळणी, असे त्याचे टप्पे. संविधानातले मूलभूत हक्क, न्यायालयांची उतरंड, दिवाणी आणि फौजदारीतला फरक, अटक, जामीन, प्रथम खबर, कौटुंबिक कायदे, बालकांचे कायदे, मजुरी, महसूल, माहितीचा अधिकार आणि सरकारी योजना. शिकवायला न्यायाधीश, पॅनेलवरचे वकील, पोलीस आणि महसूल खात्यातले अधिकारी येतात. ठाणे, न्यायालय आणि तहसील प्रत्यक्ष दाखवावे, असेही अभ्यासक्रमाला अभिप्रेत आहे. कागदावर हे सगळे भरगच्च दिसते. एवढ्या थोड्या दिवसांत एवढे कायदे शिकवणे अशक्य आहे आणि ते शिकवूही नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विधी स्वयंसेवकाला कलमे पाठ असून उपयोग नाही. त्याला चार गोष्टी आल्या पाहिजेत : ऐकून घेणे, तारीखवार लिहून काढणे, योग्य दार ओळखणे आणि आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तिथे थांबणे.

थांबण्याचा धडा सर्वांत आधी द्यावा लागतो. अधिवक्ता अधिनियम, 1961 नुसार न्यायालयात बाजू मांडण्याचा हक्क वकिलाचाच. सनदेशिवाय वकिली केली तर कलम 45 खाली शिक्षा आहे, आणि 2023 च्या दुरुस्तीने दलालांविरुद्धची तरतूदही त्याच कायद्यात आली. स्वयंसेवकाने पैसे घ्यायचे नाहीत, ‘अमुक वकिलाकडे जा’ म्हणायचे नाही, ‘तुझा खटला जिंकलाच समज’ असेही म्हणायचे नाही. प्रशिक्षण घेतलेला उत्साही माणूस पहिल्या महिन्यात नेमका इथेच घसरतो. त्याला वाटते, आपण गावचे वकीलसाहेब झालो.

लिहिण्याचा धडा त्याच्या पाठोपाठ. इकडे पोलिसांत द्यायच्या फिर्यादीला तहरीर म्हणतात. गावातली बाई तहरीर सांगायला बसली की सासरच्या दहा वर्षांचा इतिहास सांगते, आणि मुख्य घटना शेवटी, तीही दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून आलेली. स्वयंसेवकाने त्यातून दिवस, वेळ, जागा, कोण होते, काय लागले, दवाखान्याचा कागद कुठे आहे, एवढे वेगळे काढायचे असते, पण तिच्याच शब्दांत. इथे वर्गात नक्कल करून घेतलेला सराव दहा व्याख्यानांपेक्षा भारी ठरतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या 154 कलमाच्या जागी 173 आले, हद्द कोणतीही असो, तहरीर नोंदवून घेण्याची तरतूद आली. जुन्या तुकड्यांना हे सगळे पुन्हा शिकवणे भाग पडले. अभ्यासक्रमाची छापील पुस्तिका अशा वेळी एका रात्रीत शिळी होते.

आणि कोणाला मोफत वकील मिळतो, हे तर तोंडपाठच हवे. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतला माणूस, मानवी व्यापाराचे किंवा वेठबिगारीचे बळी, आपत्तिग्रस्त, आणि राज्याने ठरवलेल्या उत्पन्नाच्या मर्यादेतले इतर. कलम 12 नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, हे कचेरीत वावरणाऱ्या अनेकांनाही ठाऊक नसते. लोकअदालतीत मिटलेल्या प्रकरणाचे न्यायालय शुल्क परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील चालत नाही, या दोन्ही बाजू स्वयंसेवकाने आधीच सांगायच्या. फक्त पहिली सांगून माणसाला तडजोडीला बसवणे ही फसवणूकच.

झाशी जिल्ह्यात पाच तहसिली : झाशी, मऊरानीपूर, गरौठा, मोंठ आणि टहरौली. ब्लॉक आठ. इथले प्रश्न सगळ्या देशासाठी छापलेल्या पुस्तिकेत बसत नाहीत. जमिनीचेच घ्या. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला वाटते, सातबाऱ्याच्या जागी खतौनी, तलाठ्याच्या जागी लेखपाल, फेरफाराच्या जागी दाखिल-खारिज, की झाले. तेवढ्याने भागत नाही. महाराष्ट्रात वडिलांच्या शेतजमिनीत मुलीला मुलाबरोबरीने वारसा मिळतो. उत्तर प्रदेशात शेतजमिनीचा वारसा महसूल संहिता, 2006 च्या कलम 108 च्या क्रमाने जातो. त्यात विधवा, मुलगे आणि अविवाहित मुली पहिल्या रांगेत, विवाहित मुलगी मागच्या रांगेत. हिंदू उत्तराधिकार कायद्याचा 2005 चा बदल सांगून स्वयंसेवकाने लग्न झालेल्या बहिणीला आशा लावली, तर ती तहसिलीतून रिकाम्या हाताने परत येते, आणि परत कधी कोणाचे ऐकत नाही. कायदा बरा की वाईट हा वाद निराळा. माझ्या मते तो वाईटच आहे. पण प्रशिक्षण जिल्ह्याच्या मातीतले नसेल तर असे नुकसान होते.

दुसरी गोष्ट रस्त्याची. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हे देशाचे दोन्ही महामार्ग झाशीत एकमेकांना छेदतात. त्यामुळे अपघात आले, आणि मृतांच्या घरी पहिल्या आठवड्यातच ‘सगळे करून देतो’ म्हणणारेही आले. 1 एप्रिल 2022 पासून मोटार अपघाताच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत लागली. तिच्याविरुद्धचे वाद सर्वोच्च न्यायालयात गेले असले, तरी स्वयंसेवकाने मुदत आहे असेच धरून चालावे. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही, तरी मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये मिळतात, आणि त्याचा अर्ज तालुक्याच्याच पातळीवर द्यायचा असतो. ही एक माहिती वेळेवर पोहोचली तर दलालाचा धंदा बसतो.

तिसरी रेल्वे. एवढ्या मोठ्या जंक्शनवर हरवलेली, पळून आलेली, पळवून आणलेली मुले उतरणारच. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर 10 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या मुलांच्या तक्रारींवर लक्ष ठेवण्यासाठी पोलीस ठाण्यांत विधी स्वयंसेवक ठेवण्याचा आदेश दिला. तेव्हापासून ठाण्यातली खुर्ची हा या संस्थेच्या इतिहासातला महत्त्वाचा टप्पा ठरला. आधी स्वयंसेवक ठाण्यात गेला तर विनंती करणारा होता. आता त्याचे बसणे न्यायालयाच्या आदेशाने होते.

तुरुंगाचे काम सर्वांत शांतपणे चालते आणि सर्वांत मोलाचे असते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचे आहे. इतरांना अर्ध्या काळानंतर. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत आणि एकाहून अधिक प्रकरणे असतील तर ही सवलत नाही. हे गणित बराकीत बसलेल्या माणसाला कोण करून देणार? त्याच्याच शेजारी झोपणारा, चार इयत्ता शिकलेला, प्रशिक्षण घेतलेला कैदी. सहानुभूती म्हणून कैद्यांना यादीत घातले, असे काहींना वाटते. मला तर ती निवड योजनेतली सर्वांत व्यवहारी वाटते.

या संस्थेचा इतिहास फक्त सरकारी नाही, हेही नोंदवले पाहिजे. बुंदेलखंडात ‘महिला समाख्या’ या कार्यक्रमाने बांदा जिल्ह्यात दलित बायकांना हातपंप दुरुस्त करायला शिकवले. त्यातून पुढे, 1993 मध्ये, चित्रकूटच्या कर्वीत ‘वनांगना’ ही संघटना उभी राहिली. पंपाचे पाने हातात घेतलेल्या बायका मारझोडीच्या प्रकरणांत ठाण्याची पायरी चढू लागल्या, त्या वेळी नालसाची योजना दूर होती. प्राधिकरणाला ओळखपत्र देता येते. धीर अशा संघटनांनी दिला. बुंदेलखंड विद्यापीठ 26 ऑगस्ट 1975 चे. त्याच्या आवारात कायद्याचे शिक्षण चालते, आणि बार कौन्सिलने 1997 च्या परिपत्रकाने विधी साहाय्य व पॅरालीगल सेवा हा प्रात्यक्षिकाचा पेपर देशभर सक्तीचा केला. हा पेपर मन लावून केला तर वकील घडतो. एरवी जुन्या मुलांच्या वह्या नव्या मुलांच्या हस्ताक्षरात उतरतात, हे देशातल्या कोणत्याही विधी महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी खासगीत कबूल करील.

उणिवांबद्दल गप्प बसलो तर हा लेख नुसता गौरवलेख होईल. स्वयंसेवकाला मिळते ते मानधन रोजंदारीच्या आसपासचे, तेही काम सोपवलेल्या दिवसापुरते. नेमणूक ठरावीक मुदतीची, पुढची पायरी नाही, अनुभवाला बढती नाही. दहा वर्षे मुरलेली अंगणवाडी सेविका आणि काल ओळखपत्र मिळालेला मुलगा एकाच रेषेवर उभे. सेवाभाव हवाच, पण व्यवस्थेने त्यावर किती ओझे टाकायचे? त्यातून गळती होते, आणि दर वेळी नव्यांना पहिल्यापासून शिकवावे लागते. दुसरी उणीव म्हणजे शिबिरांची हौस. फलक, हार, छायाचित्र आणि उपस्थितांची संख्या यांनी अहवाल भरतात. ज्याची तहरीर नोंदली गेली, ज्याचा जामीन झाला, त्याची ओळ अहवालात शोधावी लागते.

शेवटी आपल्या मंडळींशी थेट बोलायचे आहे. बुंदेलखंडातला मजूर दरवर्षी पुणे, नाशिक, मुंबई, सुरतेकडे जातो. मे 2020 मधल्या टाळेबंदीत रक्सा सीमेवर अडकलेल्या गर्दीत महाराष्ट्रातून परतणारे किती होते, ते आपण डोळ्यांनी पाहिले. अशा मजुराची मजुरी तिकडच्या ठेकेदाराकडे अडकते, तिकडे अपघात होतो, तिकडे गुन्हा दाखल होतो. येणारे कागद मराठीत असतात. गरौठ्याच्या गावात ते वाचणार कोण? स्थलांतरित मजुरांचा 1979 चा कायदाही आता राहिला नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो विषय नव्या श्रम संहितेत गेला, म्हणजे जुने जाणकारही नव्याने विद्यार्थी झाले. एका जिल्ह्यातला अर्ज दुसऱ्या जिल्ह्याच्या प्राधिकरणाकडे पाठवण्याची सोय आहे. पण पुण्याची नोटीस वाचून, तिचा अर्थ मजुराला बुंदेलीत सांगून, उत्तर योग्य ठिकाणी धाडणारा माणूस झाशीत हवा. असा माणूस आपल्या घराघरांत आहे : निवृत्त शिक्षिका, रेल्वेतून निवृत्त झालेले काका, कायद्याच्या वर्गात बसलेली मुलगी.

प्राधिकरणाकडून स्वयंसेवकांसाठी अर्ज मागवले जातात, त्याची सूचना कचेरीतल्या फलकावर लागते. दहावी झाली असली की पुरे. मराठी आणि हिंदी दोन्ही वाचता येत असेल तर अर्जात ते आवर्जून लिहा. अर्ज करायचा नसेल, तर 15100 हा नालसाचा मोफत क्रमांक आपल्या कामवालीला, रिक्षावाल्याला आणि गल्लीतल्या गवंड्याला लिहून द्या. राजकीय पक्षाचे सक्रिय सदस्य असाल, तर मात्र कृपया या रांगेत उभे राहू नका.